लाल काटा आणि चार चिमटे

मित्रांनो, मी एक जुना लाल काटा आहे, आणि मला फक्त वर चढता येतं. आपणहून खाली उतरणं माझ्या नशिबात नाही. हसू नका. तुमच्या ओळखीतही अशी माणसं असतील. एकदा रुसून बसली की कोणी हाताला धरून उठवेपर्यंत उठत नाहीत.

मी विजेच्या मीटरमधला काटा. तुमच्या घरातल्या मीटरमध्ये मला शोधू नका, तिथे मी नसतो. महिनाभरात एकूण वीज किती वापरली, एवढं मोजलं की घरच्या मीटरचं काम संपलं. पण जिथे मोठमोठी यंत्रं फिरतात, तिथल्या मीटरमध्ये माझी नेमणूक होते. माझ्याबरोबर एक काळा काटा असतो. दर अर्ध्या तासाला तो शून्यापासून निघतो. त्या अर्ध्या तासात कारखाना जितकी जास्त वीज ओढेल तितका तो पुढे सरकतो, आणि वाटेत मी दिसलो की मला पाठीत ढकलत नेतो. अर्धा तास संपला की तो पठ्ठ्या टुणकन शून्यावर परत! मी मात्र ढकललं तिथेच उभा. पुढच्या अर्ध्या तासात तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही, तर मी जागचा हलत नाही. माझ्यापर्यंत पोचून आणखी पुढे निघाला, तर मी आणखी वर.

थोडक्यात सांगायचं तर महिन्यातल्या एकोणतीस चांगल्या दिवसांचं मला काही म्हणता काही आठवत नाही. मला एकच अर्धा तास लक्षात राहतो, सर्वांत वाईट. आता सांगा, असल्याशी मैत्री कोण करणार?

माझा जन्म मीटरच्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या लांबट तुकड्याला टोक काढलं आणि मला एका बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्या काट्यांना रंग द्यायच्या. ब्रश इतका बारीक की त्याला केस मोजून दहा असावेत. रंग देताना त्या श्वास रोखून धरायच्या आणि रंग झाला की हळूच म्हणायच्या, “खरं बोल हं.” प्रत्येक काट्याला तेच सांगायच्या, हे मला मागाहून कळलं. पण मी ते मनावर घेतलं. मग काचेच्या आत मला बसवलं, बाहेरून शिशाचं सील मारलं आणि मला कामावर पाठवलं.

माझं काम होतं एका धुलाई कारखान्यात. हॉस्पिटलच्या चादरी, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथे धुवायला यायचं. मीटरची खोली म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. पण समोर जाळीची खिडकी होती आणि तीतून मला अख्खं दालन दिसायचं. चार ड्रायर, दोन गरम रोलर, पाणी तापवायच्या तीन टाक्या. नऊच्या नऊ भयंकर खादाड! रोलर म्हणजे काय ते सांगतो. तापलेलं लांबलचक लाटणंच ते. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक इस्त्री होऊन बाहेर येते.

त्यातल्या एका रोलरवर एक ताई होत्या. त्या वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण सगळे त्यांना ताईच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. त्या संध्याकाळच्या पाळीला यायच्या, दुपारी तीन ते रात्री नऊ. कारखाना चालवायच्या मालकीणबाई. आणि आम्हा मीटरमंडळींची देखभाल करायचे वायरमनदादा. मोठा उत्साही माणूस! कानावर पेन्सिल, कमरेला पक्कड आणि प्रत्येक गोष्टीत एक युक्ती तयार.

महिन्याच्या पहिल्या तारखेला वीज कंपनीचे मीटरवाले काका यायचे. चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे, माझा आकडा लिहायचे, सील तोडून एक खिटी फिरवायचे आणि मला अलगद शून्यावर आणून ठेवायचे. मित्रांनो, त्या क्षणाची मी महिनाभर वाट पाहायचो. नवं सील लागलं की वाटायचं, चला, झालं गेलं गंगेला मिळालं.

आमच्या कारखान्याने कंपनीशी साठ या आकड्याचा करार केला होता. मी साठच्या आत राहायचं. कधी पन्नास, कधी बावन्न, असा माझा संसार बरा चालला होता.

मग एकदा कंपनीचं पत्रक आलं. मोठ्या गिऱ्हाइकांना अशी पत्रकं अधूनमधून येत. वायरमनदादांनी ते जाळीवर टांगलं, त्यामुळे माझंही वाचून झालं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, विजेचे दर बदलले. सकाळी दहा ते दुपारी चार वीज स्वस्त, संध्याकाळी सहा ते दहा चांगलीच महाग, आणि कराराचा आकडा ओलांडला तर जबर दंड. दुसरी गोष्ट, येत्या मंगळवारी तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते बारा वीज बंद.

पहिली गोष्ट वायरमनदादांनी वाचली न वाचली, दुसरी मात्र तीनदा वाचली. मंगळवारी सकाळी ते दालनभर सांगत फिरले, “कोणी यंत्र बंद करू नका रे! सगळी बटणं चालूच ठेवा. बारा वाजता वीज आली की एका क्षणात सगळं सुरू. पाच मिनिटंसुद्धा वाया जायला नकोत!”

सगळ्यांना ही युक्ती पसंत पडली. बरोबर बाराला वीज आली आणि गार पडलेली ती नऊच्या नऊ यंत्रं एकदम जेवायला बसली. काळ्या काट्याने मला असं ढकललं की काय सांगू! पंचावन्न, साठ, सत्तर... “अरे थांब, थांब!” मी ओरडत होतो. पण काट्याचं कोण ऐकतं? अर्धा तास संपला तेव्हा मी एक्क्याण्णववर उभा होतो. त्या उंचीवर मी याआधी कधी गेलो नव्हतो. खरं सांगतो, लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक तारखेला मीटरवाल्या काकांनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला.

“एक्क्याण्णव?”

“काहीतरी चूक असेल हो,” वायरमनदादा म्हणाले.

“काटा चुकत नाही दादा. माणसं चुकतात,” काका म्हणाले, आणि खिटी फिरवून त्यांनी मला शून्यावर आणलं.

मी सुटलो. वायरमनदादा मात्र सुटले नाहीत. त्या दिवसापासून दालनात त्यांचं नावच ‘एक्क्याण्णव’ पडलं. “एक्क्याण्णव आले, सरकून बसा!” “एक्क्याण्णव, जरा पंखा बघता का? बघा हं, उडून जायचा!” आधी तेही हसले. मग हसेनासे झाले. कानावरची पेन्सिल खिशात गेली, युक्त्या सुचवणं बंद झालं. ते मीटरच्या खोलीत येऊन माझ्याकडे नुसते बघत राहायचे. मला फार वाईट वाटायचं. त्यांचा तो अर्धा तास मीच तर सगळ्यांना सांगितला होता.

बिल आलं तेव्हा मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या ताईंना मीटरच्या खोलीशी बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, हा दंड आणि त्यात संध्याकाळची महाग वीज. मला हे झेपत नाही. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची पाळी बंद करावी म्हणते. तुम्ही सहाजणी सकाळच्या पाळीला या. जमेल तितक्यांना घेते.”

ताईंचा चेहरा उतरला. “बाई, बाकीच्या येतील. मला सकाळी कसं जमायचं? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागतं. आमचे हे पहाटेची बस चालवतात. ते दोनला घरी येतात, तेव्हा मी निघते. ही पाळी गेली की माझी नोकरी गेली, बाई.”

“मला काय हौस आहे का?” बाईंनी हातातलं बिल पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, “पुढचा एक महिना देते. लाल काटा साठच्या आत राहिला आणि संध्याकाळची वीज निम्मी झाली, तर पाळी चालू. नाहीतर माझा नाइलाज आहे, ताई.”

म्हणजे बघा मित्रांनो, एका घरची चूल, एका आजारी आजींची काळजी, सगळं येऊन लटकलं माझ्यासारख्या बोटभर काट्यावर!

ताई रडत बसल्या नाहीत. बाई गेल्यावर त्या थेट खोलीत आल्या आणि कमरेवर हात ठेवून मला न्याहाळू लागल्या. “वायरमनदादा,” त्यांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांना या नावाने बोलावलं होतं. “हा बाबा नेमका कशाने चिडतो ते मला समजावून सांगा.”

दादांनी सगळं सांगितलं. काळा काटा, अर्धा तास, नऊ यंत्रं.

“म्हणजे सगळ्यांनी एकदम घुसायचं नाही. एवढंच ना?”

“एवढंच. पण घाईच्या वेळी कोण ऐकतं?”

“आमच्या माहेरी ऐकायचे. अकरा माणसं आणि न्हाणीघर एक. सगळ्यांना आठच्या आत बाहेर पडायचं. रोज नुसती मारामारी. शेवटी आजोबांनी दाराशी खिळ्याला एक चिमटा अडकवला, कपडे वाळत घालायचा. चिमटा ज्याच्या हातात, त्यानेच आत जायचं. बाहेर आलं की चिमटा खिळ्याला. आजोबांनासुद्धा सूट नाही. एकदा चिमटा सापडेना, तर बिचारे दुपारपर्यंत पारोसे बसले!”

वायरमनदादा हसले. मग एकाएकी हसायचे थांबले आणि खिशातली पेन्सिल काढून भिंतीवरच हिशेब करू लागले. “नऊपैकी चार यंत्रं एका वेळी,” ते म्हणाले, “तर काटा साठच्या वर जातच नाही. ताई, चार चिमटे आणा!”

दुसऱ्या दिवशी ताईंनी घरून लाकडी चिमटे आणले. दादांनी ते रंगवले. कोणत्या रंगाने? लाल! माझ्याच रंगाचे! मला कोणी इतका मान देईल असं वाटलं नव्हतं. जाळीच्या खिडकीवर तार बांधून त्यावर ते लटकवले आणि नियम ठरला. मोठं यंत्र लावायचं असेल, तर तारेवरचा चिमटा काढून आपल्या अंगातल्या डगल्याला लावायचा. यंत्र बंद केलं की चिमटा परत तारेवर. तारेवर चिमटा नसेल, तर थांबायचं. शिवाय ड्रायर आणि टाक्यांचं मुख्य काम दुपारच्या स्वस्त वेळात उरकायचं. सहानंतर फक्त एक रोलर, आणि बाकीच्या बायकांनी घड्या, रफू, बटणं आणि गठ्ठे करायचे. दोन्ही पाळ्यांना नियम सारखाच.

सुरुवातीला जी थट्टा झाली ती विचारू नका. “कारखाना चालवायचा आहे की वाळत घालायचा आहे?” ड्रायरवाले म्हणायचे. पण हळूहळू सवय लागली. एकदा एकजण चिमटा डगल्याला तसाच ठेवून घरी गेला. मागे तीनच चिमटे उरले. काम रखडलं, लोक कुरकुरले, पण चौथं यंत्र कोणी लावलं नाही. शेवटी वायरमनदादा सायकल मारत त्याच्या घरी गेले, तर त्या चिमट्याने त्याच्या घरची साखरेची पिशवी बंद केलेली!

असे त्या महिन्याचे अठ्ठावीस दिवस गेले. मी सत्तावन्नवर उभा होतो. आता दोनच दिवस काढायचे, असं मी स्वतःला बजावत होतो. आणि एकोणतिसाव्या दिवशी दुपारी एक वाजता वीज गेली.

या वेळी पत्रक नाही, सूचना नाही. कुठेतरी जमिनीखालची तार जळाली होती. दोन वाजले, तीन वाजले. ताई कामावर आल्या, तर दालन गपगार आणि मधोमध ओल्या हिरव्या चादरींचा ढीग. हॉस्पिटलला दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांसाठी दोनशे चादरी हव्या होत्या, त्याही संध्याकाळी सहापर्यंत. गाडीचा ड्रायव्हर दारात येऊन सारखा घड्याळ बघत होता.

साडेतीनला वीज आली. मालकीणबाई धावतच आत आल्या. “लावा, सगळी यंत्रं लावा! हॉस्पिटलचं काम आहे. दंड तर दंड, पाळी गेली तर गेली, पण पेशंट खोळंबता कामा नये!”

बाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला तो एक्क्याण्णवचा आकडा पुन्हा दिसू लागला. ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाईंचा शब्द, त्यापुढे त्या काय बोलणार?

बोलले ते वायरमनदादा. ते मुख्य बटणासमोर जाऊन उभे राहिले. “नाही, बाई. एकदा मी घाई केली, सगळ्यांनी ती भोगली. गार यंत्रं एकदम लावली की काय होतं ते मला विचारा. मला पाच मिनिटं द्या.”

एक्क्याण्णव म्हणून हाक मारायची कोणाची छाती झाली नाही.

आता ताईंना धीर आला. त्या ड्रायव्हरकडे वळल्या. “भाऊ, दोनशेच्या दोनशे उद्या पहाटेलाच लागतात का हो?”

“मला काय ठाऊक? मला दोनशे सांगितल्यात.”

“मग फोन लावा आणि सिस्टरना विचारा, पहिल्या ऑपरेशनांना किती हव्यात.”

त्याने तोंड वाकडं केलं, पण फोन लावला. उत्तर आलं, सकाळच्या पहिल्या ऑपरेशनांना साठ पुरेत. बाकीच्या सकाळी नऊपर्यंत पोचल्या तरी चालतील.

“बघा!” ताई म्हणाल्या. “साठ आधी, बाकीच्या मागून. बाई, सकाळच्या पाळीने उद्या दोन तास लवकर यावं, एवढंच सांगा.”

“म्हणजे मला दोन फेऱ्या,” ड्रायव्हर पुटपुटला.

“दोन वेळा चहा पाजते,” ताई म्हणाल्या आणि तारेवरचा पहिला चिमटा त्यांनी काढला.

एक ड्रायर सुरू झाला. तो तापला, तेव्हा दुसरा. मग रोलर. मग टाकी. चार डगल्यांवर चार चिमटे. गार पडलेली यंत्रं वखवखल्यासारखी वीज ओढत होती. काळा काटा पुढे येत होता. चाळीस. पन्नास. पंचावन्न. तो माझ्या पाठीला टेकला. वायरमनदादा, ताई आणि मालकीणबाई, तिघंही त्या दोन माणसांच्या खोलीत दाटीवाटीने उभी. अठ्ठावन्न. मी सगळा जोर लावून पाय रोवले. पाय नाहीत मला, पण रोवले. एकोणसाठ. आणि तिथे अर्धा तास संपला. काळा काटा टुणकन शून्यावर गेला.

“थांबला!” वायरमनदादा ओरडले. “थांबला हो, ताई! यंत्रं तापली, आता पुढे नाही जायचा!” आणि तो एवढा दांडगा माणूस डोळे पुसू लागला.

साठ चादरी पावणेसहाला गाडीत चढल्या. ड्रायव्हर चहाचे दोन कप पिऊन गेला. बाकीच्या चादरी सकाळी आठच्या आत पोचल्या.

एक तारखेला मीटरवाल्या काकांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. “एकोणसाठ. अगदी काठावर!” बाईंनी संध्याकाळच्या विजेचा आकडाही विचारला. तो निम्म्याहून कमी होता. त्या ताईंना एवढंच म्हणाल्या, “उद्या वेळेवर या.” ताईंनी मान हलवली.

तेवढ्यात मागून कोणीतरी सवयीने हाकारलं, “एक्क्याण्णव, पेढे काढा!”

ताई गर्रकन वळल्या. “पुन्हा ते नाव घ्यायचं नाही. दर महिन्याला काटासुद्धा शून्यावर येतो. माणसाला किती दिवस एक्क्याण्णववर उभं करून ठेवणार?”

त्या दिवसापासून ते पुन्हा वायरमनदादा झाले, आणि पेन्सिल कानावर गेली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. मग एके दिवशी नवा मीटर आला. त्याला काटे नाहीत, नुसते चमकणारे आकडे. दर, वेळ, तारीख, सगळं त्याला पाठ, आणि महिना संपला की तो आपला आपण शून्यावर येतो. मोठा हुशार! मला भिंतीवरून काढलं आणि कपाटात तुटक्या बटणांच्या सोबतीला ठेवलं. त्या वेळी मी चोपन्नवर होतो. मला शून्यावर आणायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. सात वर्षं मी अंधारात, धुळीत, चोपन्नवर उभा होतो. फार वाईट आकडा नव्हता तो. पण उभं राहून राहून जीव शिणतो हो.

मग ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या सासूबाई त्यांच्याच हातची पेज पिऊन, समाधानाने, कधीच्या गेल्या होत्या. निरोपाच्या दिवशी पांढऱ्या केसांचे वायरमनदादा कपाटातून मला घेऊन आले. म्हणाले, “ताई, बघा कोण भेटायला आलंय.”

ताईंनी पदराने काच पुसली आणि कपाळाला हात लावला. “अहो, याला असाच ठेवलात? महिना संपून सात वर्षं झाली ना!” त्यांनी जुनं सील तोडलं, खिटी धरली आणि मला हळूहळू, हळूहळू खाली आणलं. चाळीस, वीस, दहा. शून्य. “सुटलास रे बाबा,” त्या म्हणाल्या. नुकत्याच जन्मलेल्या काट्याला वाटत असेल तसं वाटलं मला.

आता मी घड्या घालायच्या खोलीत एका फळीवर असतो. माझ्या कडेला एक लाल चिमटा लावलेला आहे. बाकीचे तीन अजून कामावर आहेत, आणि चौथ्याच्या जागी नवा आला आहे.

मित्रांनो, यंत्रं असोत नाहीतर माणसं, सगळ्यांनी एकदम घुसू नका, पाळी लावा. वीज जपून वापरा, तिच्यावर कोणाची तरी पाळी टिकून असते. आणि कोणाचा एखादा वाईट अर्धा तास तुमच्या लक्षात राहिला असेल, तर महिना उलटायच्या आत त्याला शून्यावर आणा. त्याला स्वतःला खाली उतरता येत नसतं. मी अनुभवाने सांगतो, तिथे दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो.